आयर्लंडमधील राजकीय बातमी कशी वाचावी

१८ नोव्हेंबर २०१० च्या सकाळी आयर्लंडमधील लोक नेहमीप्रमाणे आरटीई या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या ‘मॉर्निंग आयर्लंड’ या रेडिओ कार्यक्रमावर बातम्या ऐकत होते. देशाला बाहेरून मोठे कर्ज घ्यावे लागणार अशी चर्चा परदेशी वृत्तपत्रांत काही दिवस उघडपणे चालू होती आणि सरकारमधले मंत्री ती जाहीरपणे नाकारत होते. त्या सकाळी मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर पॅट्रिक होनोहन यांनी फ्रँकफर्टहून कार्यक्रमाला फोन केला आणि असे कर्ज घेतले जाईल अशी आपली अपेक्षा असल्याचे सांगितले. तीन दिवसांनी सरकारने कर्जासाठी अधिकृत विनंती केली. पुढे ही कर्जयोजना ८५ अब्ज युरोंची ठरली आणि त्यातले १७.५ अब्ज युरो आयर्लंडने स्वतःच्या साठ्यातून घालायचे होते.

त्या आठवड्यात ज्यांनी केवळ ‘मंत्री काय म्हणाले’ एवढेच ऐकले त्यांना गव्हर्नरांचा फोन अनपेक्षित वाटला. हे कोण सांगत आहे, कोणत्या वाटेने सांगत आहे आणि आत्ताच का सांगत आहे, हेही जे पाहत होते त्यांना त्याचा अंदाज आधीच आला होता. दुसऱ्या प्रकारचा वाचक कसे व्हावे, यासाठी हे मार्गदर्शन आहे. आयर्लंडमध्ये शिकायला किंवा नोकरीला आलेल्या मराठी माणसाला ते विशेष उपयोगी पडावे, कारण तिथल्या स्थानिक निवडणुकीत मतदान करण्यासाठी आयरिश नागरिकत्व लागत नाही. वयाची अठरा वर्षे पूर्ण झालेली असणे, तिथे वास्तव्य असणे आणि मतदार यादीत नाव असणे पुरेसे असते.

कोणतीही आयरिश राजकीय बातमी हाती आली की मी पहिल्यांदा एकच प्रश्न विचारतो: ही बातमी बातमीदाराकडे चालत आली, की त्याने ती खणून काढली? पुढचे सारे या प्रश्नाभोवती फिरते.

आधी जागा ओळखून घ्यावी

आयर्लंडची संसद डब्लिनमध्ये किल्डेअर स्ट्रीटवरच्या लेन्स्टर हाउस या इमारतीत भरते. तिच्या कनिष्ठ सभागृहाला डॉल म्हणतात आणि तिथल्या सदस्याला टीडी. २०२४ च्या निवडणुकीपासून डॉलमध्ये १७४ सदस्य आहेत. पंतप्रधानाला टीशख आणि उपपंतप्रधानाला टॉनिश्ता म्हणतात. बातम्यांत हे आयरिश भाषेतले शब्द जसेच्या तसे येतात, म्हणून ते सुरुवातीलाच पाठ करून टाकावेत.

देश लहान आहे आणि संसदेचे वर्तुळ त्याहून लहान. राजकीय बातमीदारांना त्याच इमारतीत बसायला जागा आहे, त्यांचे जेवण त्याच उपाहारगृहात होते आणि मंत्री बाहेरच्या फरसबंद चौथऱ्यावर येऊन उभे राहिले की मायक्रोफोन घेऊन तेच पुढे सरसावतात. हा चौथरा ‘प्लिंथ’ या नावाने ओळखला जातो आणि ‘प्लिंथवर बोलताना’ हे शब्द बातम्यांत वारंवार दिसतात. रोज भेटणारी माणसे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात. यात गैर काही नाही, परंतु ज्याच्याशी उद्या पुन्हा बोलायचे आहे त्याच्याविरुद्ध आज किती कठोर लिहायचे, हा प्रश्न बातमीदाराच्या मनात असतोच, हे वाचकाने विसरू नये.

हे नाते किती गुंतागुंतीचे असू शकते ते एका व्यक्तीच्या आयुष्यात लख्ख दिसते. १९८२ मध्ये चार्ल्स हॉही टीशख असताना जेराल्डिन केनेडी आणि ब्रूस आर्नोल्ड या दोन पत्रकारांचे दूरध्वनी सरकारने चोरून ऐकले. सत्तापालटानंतर जानेवारी १९८३ मध्ये नवे न्यायमंत्री मायकल नूनन यांनी ही गोष्ट जाहीर केली. दोघे न्यायालयात गेले आणि जानेवारी १९८७ मध्ये उच्च न्यायालयाने नागरिकाला राज्यघटनेनुसार खासगीपणाचा हक्क आहे असे मानून दोघांनाही प्रत्येकी २०,००० पौंडांची भरपाई दिली. पुढच्याच महिन्यात केनेडी स्वतः प्रोग्रेसिव्ह डेमोक्रॅट्स पक्षाच्या टीडी म्हणून निवडून आल्या आणि १९८९ मध्ये त्यांची जागा गेली. त्या पत्रकारितेत परतल्या आणि २००२ मध्ये ‘आयरिश टाइम्स’च्या पहिल्या महिला संपादक झाल्या. २००६ मध्ये त्याच वृत्तपत्राने टीशख बर्टी अहर्न यांना मिळालेल्या पैशांची बातमी छापली. ती एका चौकशी न्यायाधिकरणाच्या गोपनीय कागदावर आधारलेली होती. कागद कोणी दिला हे कळू नये म्हणून केनेडी आणि बातमीदार कोल्म कीना यांनी तो नष्ट केला, त्यावरून खटला झाला आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला.

चोरून ऐकलेल्या दूरध्वनींचे प्रकरणही १९८३ मध्ये संपले नाही. १९८२ मधले न्यायमंत्री शॉन डोहर्टी यांनी जानेवारी १९९२ मध्ये आरटीईच्या एका कार्यक्रमात आणि नंतर पत्रकार परिषदेत या प्रकाराची इतरांनाही, खुद्द हॉही यांनाही, माहिती होती असे सांगितले. हॉही यांनी ते नाकारले, पण काही दिवसांतच त्यांना पद सोडावे लागले. दहा वर्षांपूर्वीची गोष्ट जुन्या सहकाऱ्याच्या तोंडून अचानक बाहेर येते, तेव्हा तिच्या खरेपणाइतकाच तिचा मुहूर्तही पाहावा.

उलट्या दिशेची ये-जाही होते. आरटीईचे अर्थविषयक संपादक जॉर्ज ली जून २००९ मध्ये फिन गेल पक्षातर्फे मोठ्या मताधिक्याने डॉलमध्ये गेले, आपल्याला धोरण ठरवण्यात वाव नाही असे सांगत फेब्रुवारी २०१० मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि ते आरटीईत परतले. एखादा भाष्यकार किंवा मंत्र्याचा सल्लागार पूर्वी कोणत्या बाजूला होता हे शोधायला दोन मिनिटे लागतात. ती दोन मिनिटे जरूर द्यावीत.

चालत आलेली बातमी कशी ओळखावी

मंत्रिमंडळाची बैठक साधारणतः मंगळवारी होते. मंगळवारी सकाळी कोणतेही आयरिश वृत्तसंकेतस्थळ उघडून पाहावे. ‘अमुक मंत्री आज मंत्रिमंडळापुढे तमुक प्रस्ताव मांडणार आहेत’ अशा धर्तीच्या दोन-तीन बातम्या हमखास मिळतात. मंत्रिमंडळातल्या चर्चेच्या गोपनीयतेला १९९७ च्या सार्वमतानंतर राज्यघटनेतच स्थान मिळाले आहे. चर्चा गुप्त आणि प्रस्ताव मात्र आदल्या रात्रीच बातमीदारांच्या हाती, हे सहज घडत नाही. मंत्र्याच्या कार्यालयाला वाटते की दिवसाची पहिली ओळ आपल्या शब्दांत लिहिली जावी आणि विरोधकांची प्रतिक्रिया दुसऱ्या ओळीत यावी. अशा बातमीत प्रस्तावातले आकडे बहुधा बरोबर असतात, पण प्रस्तावाला मंत्रिमंडळात कोणाचा विरोध आहे, खर्चाची तरतूद झाली आहे का, आणि हाच प्रस्ताव मागच्या वर्षी मांडला गेला होता का, या गोष्टी बहुतेक वेळा नसतात. ती गाळलेली जागा वाचायला शिकणे हे या साऱ्या अभ्यासातले सर्वांत महत्त्वाचे कौशल्य आहे असे मला वाटते.

अर्थसंकल्पाच्या आधीचे आठवडे हा पुड्या सोडण्याचा हंगाम असतो. आयर्लंडचा अर्थसंकल्प बहुतेक वर्षी ऑक्टोबरमध्ये मांडला जातो, आणि सप्टेंबरपासून ‘सरकारी सूत्रांनुसार’ कोणता कर कमी होणार, कोणता भत्ता वाढणार, याच्या बातम्या रोज येतात. पुडी सोडण्यामागे तीनपैकी एक हेतू असतो. कधी लोकांचा कल अजमावायचा असतो. लोक खवळले तर ‘असा निर्णय झालेलाच नव्हता’ म्हणून हात झटकता येतात. कधी आघाडीतल्या भागीदार पक्षावर दडपण आणायचे असते. आणि कधी कडू बातमी आधीच थोडी थोडी पाजून ठेवायची असते, म्हणजे अर्थसंकल्पाच्या दिवशी ती जुनी वाटते.

यासाठी एक सोपा उपाय आहे. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात एक वही घालावी आणि प्रत्येक पुडीसाठी तारीख, वृत्तपत्राचे नाव, सूत्राचे वर्णन आणि बातमीतला आकडा अशा चार गोष्टी तीत टिपाव्यात. सूत्राचे वर्णन नेमके उतरवून घ्यावे, कारण ‘सरकारमधील सूत्रे’, ‘पक्षातील ज्येष्ठ व्यक्ती’ आणि ‘मंत्र्यांचे निकटवर्तीय’ हे तीन वेगळे दरवाजे आहेत. तिसऱ्या वर्णनामागे अनेकदा मंत्र्याचा माध्यम सल्लागारच असतो. अर्थसंकल्पाच्या रात्री ही टिपणे मांडलेल्या आकड्यांशी ताडून पाहावीत. कोणत्या वृत्तपत्राच्या कोणत्या प्रकारच्या सूत्रावर कितपत विसंबायचे, हे एका हंगामात ध्यानात येते.

सभागृहात बोललेली बातमी

तिसरी एक जात आहे, जी धड चालत आलेली नसते आणि धड खणलेलीही नसते. आयर्लंडमध्ये बदनामीचा कायदा वृत्तपत्रांना महागात पडू शकतो आणि श्रीमंत माणसाच्या वकिलाचे पत्र आले की संपादक शंभरदा विचार करतो. परंतु राज्यघटनेच्या १५ व्या कलमानुसार सभागृहात केलेल्या भाषणाला आणि त्याच्या प्रसिद्धीला विशेष संरक्षण आहे. त्यामुळे जे छापता येत नाही ते कधी कधी एखादा टीडी सभागृहात उभा राहून बोलतो आणि मग ते छापता येते.

मे २०१५ मध्ये अपक्ष टीडी कॅथरीन मर्फी यांनी एका सरकारी मालकीच्या बँकेने एका बड्या उद्योगपतीला दिलेल्या कर्जाच्या अटींविषयी डॉलमध्ये निवेदन केले. त्या विषयावर उच्च न्यायालयाचा मनाई आदेश असल्यामुळे देशातल्या प्रमुख वृत्तमाध्यमांनी संसदेत उघड झालेले भाषणही काही दिवस दाबून ठेवले. संसदेच्या संकेतस्थळावर कोणीही वाचू शकेल अशी गोष्ट बातम्यांत नव्हती. २ जून रोजी न्यायालयाने स्पष्ट केले की आपला आदेश सभागृहातील भाषणाच्या वार्तांकनाला लागू करण्याचा हेतू नव्हता, आणि मग बातम्या सुरू झाल्या.

यातून घ्यायचा धडा असा: वादग्रस्त विषयावरची बातमी विचित्र सावध शब्दांत लिहिलेली दिसली, की संसदेच्या संकेतस्थळावर जाऊन त्या दिवसाचा मूळ वृत्तांत वाचावा. तो विनामूल्य आहे, शोधता येतो आणि त्यात टीडींनी विचारलेले प्रश्न व मंत्र्यांची लेखी उत्तरेही असतात. लेखी उत्तरांकडे विशेष लक्ष द्यावे. नेत्यांच्या प्रश्नांच्या तासाला होणारी खडाजंगी सायंकाळच्या बातम्यांत दिसते, पण खरा आकडा पुष्कळदा एखाद्या कंटाळवाण्या लेखी उत्तरात दडलेला असतो.

खणून काढलेली बातमी, आणि स्वतः खणणे

खणलेल्या बातमीत कागदाचे नाव असते. कोणती नोंदवही, कोणत्या तारखेचा पत्रव्यवहार, कोणत्या कायद्याखाली मिळवलेला, हे त्यात स्पष्ट लिहिलेले असते. ऑगस्ट २०२२ मध्ये राज्यमंत्री रॉबर्ट ट्रॉय यांना आणि जानेवारी २०२३ मध्ये राज्यमंत्री डेमियन इंग्लिश यांना पद सोडावे लागले, ते ‘द डिच’ या छोट्या संकेतस्थळाने केलेल्या अशाच कामामुळे. ट्रॉय यांच्या बाबतीत सदस्यांच्या हितसंबंधांच्या नोंदवहीत मालमत्तेचे तपशील अपुरे होते, तर इंग्लिश यांच्या बाबतीत २००८ मधला घरबांधणीच्या परवानगीचा अर्ज होता. दोन्ही कागद सार्वजनिक होते, फक्त ते काढून पाहणारे कोणीतरी हवे होते.

तीन दप्तरे कोणालाही पाहता येतात. पहिले, सदस्यांच्या हितसंबंधांची वार्षिक नोंदवही. दुसरे, लॉबिंगची नोंदवही: १ सप्टेंबर २०१५ पासून मंत्री, टीडी, विशेष सल्लागार किंवा वरिष्ठ अधिकारी यांच्याकडे धोरणाबाबत रदबदली करणाऱ्या संस्थांना वर्षातून तीनदा त्याचा तपशील भरावा लागतो. एखाद्या उद्योगाला अनुकूल अशी बातमी मंगळवारी आली, तर त्या उद्योगाच्या संघटनेने गेल्या चार महिन्यांत कोणाची गाठ घेतली होती हे इथे पाहावे. शेवटच्या कालावधीचे तपशील थोडे उशिरा येतात, तेवढा धीर धरावा लागतो.

तिसरे दप्तर म्हणजे माहिती स्वातंत्र्याचा कायदा. तो प्रथम १९९७ मध्ये आला, २००३ मध्ये अर्जाला शुल्क लावून तो आखडला गेला आणि २०१४ च्या नव्या कायद्याने ते शुल्क काढून टाकले. अर्ज कोणीही करू शकते, त्यासाठी नागरिक किंवा पत्रकार असणे आवश्यक नाही. संबंधित खात्याच्या माहिती अधिकाऱ्याला ईमेल करावा, हा अर्ज २०१४ च्या कायद्याखाली आहे असे स्पष्ट लिहावे आणि मागणी नेमकी ठेवावी. ‘गृहनिर्माण धोरणाविषयी सर्व कागदपत्रे’ असे लिहिले तर शोधाच्या खर्चाचे कारण पुढे येईल. ‘१ मार्च ते ३१ मार्च या काळात मंत्र्यांच्या माध्यम सल्लागाराने अमुक घोषणेविषयी वृत्तपत्रांना पाठवलेले ईमेल’ असे लिहिले तर काम होते. चार आठवड्यांत निर्णय मिळायला हवा. नकार आला तर ३० युरो भरून अंतर्गत फेरविचार मागता येतो आणि त्यानंतर ५० युरो भरून माहिती आयुक्तांकडे जाता येते. आपला पहिला अर्ज पाठवण्यापूर्वी त्या खात्याच्या संकेतस्थळावर आधी दिलेल्या माहितीची यादी पाहावी, कारण हवा तो कागद पूर्वीच कोणीतरी मागितलेला असू शकतो.

आरटीईकडे कसे पाहावे

आरटीई ही सार्वजनिक प्रसारण संस्था आहे. तिचा खर्च जाहिराती आणि घरटी १६० युरो परवाना शुल्क यांतून चालतो, आणि तिच्या पैशाविषयी अंतिम शब्द त्याच राजकारण्यांचा असतो ज्यांना तिने रोज प्रश्न विचारायचे. हा ताण आजचा नाही. १९६६ मध्ये टीशख शॉन लेमास यांनी डॉलमध्ये आरटीई हे सार्वजनिक धोरणाचे साधन आहे अशा अर्थाची भूमिका मांडली होती. नोव्हेंबर १९७२ मध्ये आयआरए या सशस्त्र संघटनेच्या प्रमुखाच्या मुलाखतीवर आधारित वृत्त प्रसारित झाल्यावर सरकारने आरटीईचे संपूर्ण नियामक मंडळ बरखास्त केले आणि ती मुलाखत घेणारे केव्हिन ओकेली यांना न्यायालयात आवाजाची ओळख पटवण्यास नकार दिल्याबद्दल शिक्षा झाली. अशा संघटनांना प्रसारणात वाव देण्यावरची, प्रसारण कायद्याच्या ३१ व्या कलमाखालची बंदी जानेवारी १९९४ पर्यंत टिकली.

जून २०२३ मध्ये चित्र उलटे झाले. आपल्या सर्वांत महागड्या निवेदकाला दिलेले ३,४५,००० युरो जाहीर आकड्यांत दाखवलेच नव्हते अशी कबुली आरटीईने दिली, आणि संसदेच्या समित्यांपुढे आरटीईचे अधिकारी तासन्‌तास उलटतपासणीला उभे राहिले. अनेकांनी परवाना शुल्क भरणे थांबवले. जुलै २०२४ मध्ये सरकारने तीन वर्षांसाठी ७२.५ कोटी युरो देण्याचे ठरवले. आरटीईची एखादी मुलाखत मवाळ वाटली म्हणून लगेच या पैशाकडे बोट दाखवू नये. तसा निष्कर्ष काढण्यापूर्वी त्याच कार्यक्रमातल्या विरोधी नेत्याच्या मुलाखतीही ऐकाव्यात.

राजकारण्यांसाठी मात्र स्थानिक रेडिओ कधी कधी आरटीईपेक्षा मोलाचा असतो. एका मतदारसंघातून तीन ते पाच टीडी निवडले जातात, त्यामुळे उमेदवाराची चढाओढ स्वतःच्या पक्षातल्या माणसाशीही असते. मृत्यूच्या सूचना आणि रस्त्यांच्या तक्रारी ऐकवणाऱ्या जिल्ह्यातल्या केंद्रावर मंत्री जे आश्वासन देतो, ते डब्लिनच्या वृत्तपत्रांपर्यंत पोहोचतही नाही. आपल्या भागाचे केंद्र आठवड्यातून एकदा तरी ऐकावे.

घाई झाली की थांबावे

२४ ऑक्टोबर २०११ रोजी राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांच्या आरटीईवरील चर्चेत निवेदकाने एक ट्वीट वाचून दाखवले. ते प्रतिस्पर्धी उमेदवार मार्टिन मॅकगिनेस यांच्या प्रचाराचे अधिकृत ट्वीट आहे असे सांगितले गेले, पण तसे ते नव्हते. जनमत चाचण्यांत आघाडीवर असलेले शॉन गॅलाहर त्याच्या उत्तरात अडखळले आणि तीन दिवसांनी मतदान झाले. गॅलाहर यांची तक्रार मान्य झाली ती पुढच्या वर्षी, आणि आरटीईची न्यायालयातील दिलगिरी आली २०१७ मध्ये. ऑक्टोबर २०२५ च्या निवडणुकीत तर उमेदवार कॅथरीन कॉनोली माघार घेत असल्याची, आरटीईच्या बातम्यांसारखी दिसणारी बनावट चित्रफीत मतदानाच्या तोंडावर पसरली. कॉनोली निवडणूक जिंकल्या.

मतदानाआधीच्या आठवड्यात आलेली प्रत्येक धक्कादायक गोष्ट संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर आहे का ते पाहावे, आणि ती किमान दोन स्वतंत्र वृत्तसंस्थांनी दिली आहे का हे पाहिल्याशिवाय कोणालाही पुढे पाठवू नये. रेडिओ-दूरचित्रवाणीवर पैसे देऊन राजकीय जाहिरात करण्यास आयर्लंडमध्ये बंदी आहे, म्हणून तिथे ‘जाहिरात’ म्हणून काही राजकीय दिसले तर ते पक्षांना मिळणारे प्रक्षेपण आहे की बनावट, हे तपासावे.

एखादे वार्तांकन खरोखर पक्षपाती वाटले तर तक्रार करता येते. रेडिओ किंवा दूरचित्रवाणीच्या बाबतीत ती प्रसारणानंतर ३० दिवसांच्या आत आधी त्या वाहिनीकडे करायची आणि उत्तराने समाधान झाले नाही तर मार्च २०२३ मध्ये स्थापन झालेल्या कोमिशून ना म्यॉन या माध्यम आयोगाकडे न्यायची. वृत्तपत्राच्या बाबतीत आधी संपादकाला लिहायचे आणि मग तीन महिन्यांच्या मुदतीत प्रेस ओम्बुड्समनकडे जायचे. तक्रारीत ‘एकतर्फी आहे’ एवढेच लिहून भागत नाही. कार्यक्रमाची तारीख व वेळ, नेमके वाक्य आणि कोणाची बाजू कुठे आली नाही हे लिहावे लागते, आणि त्यासाठी पुन्हा ती वहीच उपयोगी पडते.